वाणीच्या सीमेवरचा पहारेकरी : मॅक्स म्युलर

मॅक्स म्युलर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना दोन कारणांनी परिचित आहे. पुण्यामुंबईत जर्मन भाषा शिकविणाऱ्या संस्थेला त्यांचे नाव आहे, आणि ऋग्वेदाची सायणभाष्यासह छापील आवृत्ती प्रथम त्यांनी सिद्ध केली. त्या ग्रंथाच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचे नाव ‘मोक्षमूलर भट्ट’ असे लिहिले आणि आपल्या ऑक्सफर्ड नगरीचे ‘गोतीर्थ’ करून टाकले, ही गोष्ट संस्कृतचे प्राध्यापक मोठ्या कौतुकाने सांगतात. परंतु मला या लेखात त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले ते एका तिसऱ्याच कारणाने.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात भाषेच्या उत्पत्तीविषयीचे वाद आपण शिकतो. प्राण्यांच्या आवाजांचे अनुकरण करता करता भाषा निर्माण झाली, असे म्हणणारा ‘बाऊ-वाऊ’ वाद. दुःख, आनंद, तिरस्कार यांच्या उद्गारांतून ती निर्माण झाली, असे म्हणणारा ‘पूह-पूह’ वाद. आणि असेच आणखी काही. परीक्षेत टिपा लिहा म्हणून हा प्रश्न येतो आणि या गमतीदार नावांमुळे तो लक्षातही राहतो. पण पहिली दोन नावे कोणा शास्त्रज्ञाने गंभीरपणे ठेवलेली नाहीत. ती टोपणनावे आहेत, थट्टेने ठेवलेली; आणि ती ठेवणारे गृहस्थ म्हणजेच मॅक्स म्युलर. या थट्टेमागे एक फार मोठा आणि गंभीर वाद होता. माणूस आणि पशू यांच्यामध्ये काही सीमा आहे की नाही, हा तो वाद. म्युलर यांच्या समोर उभे होते खुद्द चार्ल्स डार्विन. त्या वादाच्या निमित्ताने म्युलर यांचे चरित्र पाहू लागलो की हा वेदांचा संपादक एका निराळ्याच प्रकाशात दिसू लागतो.

फ्रीड्रिख मॅक्स म्युलर यांचा जन्म ६ डिसेंबर १८२३ रोजी जर्मनीतील देसाऊ या लहानशा संस्थानी राजधानीत झाला. वडील विल्हेल्म म्युलर हे नामवंत कवी. त्यांच्या कवितांना शुबर्ट या थोर संगीतकाराने चाली दिल्या आणि त्या गीतमाला आजही जगभर गायिल्या जातात. परंतु मुलाला वडिलांचा सहवास लाभला नाही. मॅक्स चार वर्षांचेही झाले नव्हते तोच १८२७ मध्ये वडील वारले. तरुण विधवा आईने मोठ्या ओढगस्तीत मुलांना वाढविले. घरात संगीत होते, आणि मॅक्स यांना संगीतकारच व्हावयाचे होते. पण त्या मार्गाने पोट भरेल याची शाश्वती नव्हती. ते लाइपझिग विद्यापीठात दाखल झाले, ग्रीक व लॅटिन शिकले, तत्त्वज्ञान शिकले, आणि १८४३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, स्पिनोझाच्या नीतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. त्याच सुमारास हेर्मान ब्रोकहाउस या प्राध्यापकांकडे त्यांनी संस्कृतचे धडे घेतले. १८४४ मध्ये त्यांनी केलेले हितोपदेशाचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले. करटक-दमनकाच्या कथा सांगणाऱ्या ग्रंथाने ज्याच्या संशोधनाचा आरंभ झाला, त्यानेच पुढे पशूंना वाणी नाही असे आयुष्यभर बजावून सांगावे, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.

लाइपझिगहून ते बर्लिनला गेले. तेथे फ्रान्ट्स बोप हे तौलनिक भाषाशास्त्राचे आद्य आचार्य शिकवीत होते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन या भाषा एकाच कुळातील बहिणी आहेत, हे बोप यांनी क्रियापदांच्या रूपांवरून सिद्ध केले होते. १८४५ मध्ये म्युलर पॅरिसला गेले आणि तेथे यूजीन ब्यूर्नूफ यांच्या सांगण्यावरून त्यांनी ऋग्वेद हाती घेतला. हस्तलिखिते मिळवायची, उतरवून घ्यायची, पाठभेद जुळवायचे, आणि खिशात मात्र पैसा नाही, असे ते दिवस होते. १८४६ मध्ये ते इंग्लंडला आले. प्रशियाचे राजदूत बुन्सेन यांनी खटपट केली, संस्कृत पंडित विल्सन यांनी शब्द टाकला आणि ईस्ट इंडिया कंपनीने ग्रंथाचा खर्च उचलला. पहिला खंड १८४९ मध्ये निघाला; सहावा आणि शेवटचा निघाला १८७४ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षांचे हे तप! ग्रंथ ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयात छापला जात होता, म्हणून १८४८ मध्ये ते त्या गावी राहावयास गेले आणि कायमचे तेथलेच झाले.

ऑक्सफर्डने त्यांना मान दिला, तसा एक घावही दिला. १८६० मध्ये तेथील संस्कृतच्या बोडेन अध्यासनाची जागा रिकामी झाली. विद्वत्तेने तिच्यावर म्युलर यांचाच हक्क होता, असे युरोपातील अनेक पंडितांचे मत होते. परंतु निवड विद्यापीठाच्या पदवीधरांच्या मतांनी व्हावयाची होती आणि त्यांत खेडोपाडीच्या धर्मोपदेशकांचा भरणा मोठा होता. म्युलर परदेशी, शिवाय धर्ममतांच्या बाबतीत उदार. त्यांना ६१० मते पडली, मोनियर विल्यम्स यांना ८३३. ज्यांचा शब्दकोश आपल्या ग्रंथालयात रोज उघडला जातो तेच हे मोनियर विल्यम्स. या पराभवाने म्युलर यांचे मन दुखावले, पण त्यांच्या आयुष्याला नवे वळणही लागले. केवळ संस्कृतात न राहता ते भाषा या संपूर्ण विषयाकडे वळले. पुढे १८६८ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचे नवे अध्यासन निर्माण झाले आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली.

१८६१ च्या एप्रिल, मे आणि जून महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी भाषाशास्त्रावर व्याख्याने दिली. ही संस्था विज्ञानाच्या व्याख्यानांसाठी प्रसिद्ध. तेथे एका वेदाभ्यासकाने उभे राहून भाषेचा अभ्यास हेही एक शास्त्रच आहे, असे प्रतिपादावे, हा त्या काळी नवलाचा प्रकार होता. डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात निघाला होता आणि सारे इंग्लंड त्याने ढवळून निघाले होते. त्या ग्रंथात माणसाविषयी जवळजवळ काहीच नव्हते, पण पुढचा प्रश्न कोणता येणार हे सर्वांना कळत होते. माणूस जर पशूपासून उत्क्रांत झाला असेल, तर त्याची वाणीही पशूच्या ओरडण्यातूनच आली असली पाहिजे. म्युलर यांनी तेथेच रेघ ओढली. ज्युलियस सीझरने ओलांडलेल्या रुबिकॉन नदीची उपमा देऊन त्यांनी सांगितले की भाषा ही माणूस आणि पशू यांच्यामधली तशीच नदी आहे, आणि ती ओलांडण्याचे धाडस कोणताही पशू करणार नाही.

याच व्याख्यानांत ती टोपणनावे आली. म्युलर यांचा मुद्दा असा : कोकिळेला किंवा कावळ्याला त्यांच्या आवाजावरून नाव पडते हे खरे, पण असले शब्द कागदी फुलांसारखे असतात, त्यांना मूळ नसते आणि त्यांच्यापासून पुढे काही उगवत नाही. भाषेतील हजारो शब्दांचा माग काढीत गेले की शेवटी हाती लागतात ते धातू, आणि प्रत्येक धातू काही सामान्य कल्पना सांगतो : जाणे, चमकणे, मोजणे, धारण करणे. एखाद्या विशिष्ट कुत्र्याचे भुंकणे आणि ही सामान्य कल्पना यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. धातूंवरची ही निष्ठा त्यांना आपल्या व्याकरणकारांकडून मिळाली होती, यात शंका नाही. मला तर येथे यास्काचार्यांची आठवण होते. काक हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे यास्क निरुक्तात सांगतात. आणि लगेच, औपमन्यव हे मत मानीत नाहीत, असेही नोंदवितात. लंडनमध्ये १८६१ साली जो वाद रंगला त्याचे एक बीज आपल्याकडे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच पडलेले होते.

मग धातू कोठून आले? येथे मात्र म्युलर यांची पंचाईत झाली. प्रत्येक वस्तूवर आघात केला की तिचा स्वतःचा नाद निघतो, त्याप्रमाणे आदिमानवाच्या मनावर सृष्टीचा आघात होताच आपोआप ध्वनी उमटले, अशी एक कल्पना त्यांनी मांडली. ती त्यांनी बर्लिनच्या हायसे या विद्वानांकडून घेतली होती. विरोधकांना आयतीच संधी मिळाली. दुसऱ्यांना नावे ठेवणाऱ्याच्या मताला त्यांनी ‘डिंग-डाँग’ असे नाव ठेवून दिले! पुढे म्युलर यांनीच ही कल्पना सोडून दिली आणि एकत्र श्रम करताना माणसांच्या तोंडून निघणाऱ्या सामूहिक आवाजांतून धातू निर्माण झाले, या लुडविग नोअरे यांच्या मताकडे ते झुकले. नांगर ओढताना, ओझे उचलताना सगळे मिळून जो आवाज करतात तो त्या कामाचीच खूण बनतो, असे ते मत. आपल्याकडचे हमाल किंवा होडी ओढणारे कोळी ज्याने पाहिले आहेत त्याला हे मत निदान समजायला तरी सोपे जाते.

या साऱ्या प्रश्नावर त्या काळी इतके तर्कवितर्क चालले होते की, पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने १८६६ मध्ये आपल्या नियमांतच लिहून टाकले : भाषेच्या उत्पत्तीवरील कोणताही निबंध स्वीकारला जाणार नाही. गंमत अशी की ज्या एप्रिल महिन्यात म्युलर लंडनमध्ये बोलत होते, त्याच १८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या शल्यवैद्यांनी एका मृत रोग्याचा मेंदू तपासला. त्या रोग्याला वर्षानुवर्षे एक अक्षर सोडून काही बोलता येत नव्हते. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात त्यांना इजा आढळली. वाणीचे घर शरीरात शोधण्याचा मार्ग तेथून खुला झाला. भाषाशास्त्रज्ञांनी दार लावून घेतले, पण वैद्यांनी खिडकी उघडली.

१८७१ मध्ये डार्विन यांचा ‘डिसेंट ऑफ मॅन’ प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी भाषेविषयीचे आपले मत मांडले. त्यांचे मेहुणे हेन्स्ली वेजवुड हे स्वतः व्युत्पत्तिशास्त्राचे अभ्यासक आणि अनुकरणवादाचे पुरस्कर्ते होते. अनुकरण, उद्गार आणि खाणाखुणा यांना डार्विन यांनी स्थान दिलेच, पण एक स्वतःची कल्पनाही त्यांनी जोडली. गिबन जातीची वानरे गातात, पक्षी गातात, आणि हे गाणे प्रणयाराधनासाठी असते. माणसाचे पूर्वजही आधी असेच गात असावेत आणि त्या गाण्यातून हळूहळू शब्द निघाले असावेत. पक्ष्याचे पिलू जसे गाणे शिकते तसे मूल बडबडत बडबडत भाषा शिकते, हेही त्यांनी दाखवून दिले. संगीतकार होऊ पाहणाऱ्या म्युलर यांना ही कल्पना खरे म्हणजे आवडायला हवी होती!

परंतु म्युलर मागे हटले नाहीत. १८७३ च्या वसंतात त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी डार्विन यांच्या भाषाविषयक विचारांवर तीन व्याख्याने दिली. शरीराच्या उत्क्रांतीला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. उलट, शब्दांमध्येही जगण्याची स्पर्धा चालते, सुटसुटीत रूपे टिकतात आणि बोजड रूपे मरतात, असे त्यांनीच १८७० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात लिहिले होते आणि डार्विन यांनी ते आपल्या ग्रंथात आदराने उद्धृत केले होते. भाषांच्या वंशवृक्षाचा दाखला तर ‘ओरिजिन’मध्येच होता. मतभेद होता तो एकाच पायरीवर. विचार आणि शब्द अविभाज्य आहेत, म्हणून पशूची आरोळी कितीही वाढवली तरी तिची कल्पना होणार नाही, असे म्युलर यांचे म्हणणे. भर्तृहरीचे ‘वाक्यपदीय’ ज्यांनी चाळले आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

व्याख्याने छापून आली तेव्हा डार्विन यांनी म्युलर यांना एक नम्र पत्र लिहिले. भाषाशास्त्रात आपला अधिकार नाही हे त्यांनी मान्य केले. परंतु माणूस खालच्या प्राण्यांपासून आला याची आपल्याला खात्री असल्यामुळे भाषाही अस्फुट आरोळ्यांतूनच आली असे मानणे आपल्याला भाग पडते, असेही त्यांनी प्रांजळपणे कळविले. १८७४ च्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी म्युलर यांना उत्तरही दिले. दहा-अकरा महिन्यांचे मूल शब्दांचा अर्थ इतक्या झपाट्याने जोडते, याचा अर्थ त्या कल्पना बोलण्यापूर्वीच त्याच्या मनात असल्या पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मला आजही बिनतोड वाटतो. पुढे दोघांची डार्विन यांच्या घरी भेट झाली, तीही सौजन्याने. अमेरिकेतील संस्कृत पंडित व्हिटनी यांच्याशी म्युलर यांचा जो कडाक्याचा वाद जुंपला आणि ज्यात डार्विन यांचे चिरंजीव जॉर्जही ओढले गेले, त्यात मात्र हे सौजन्य उरले नाही.

उतारवयात म्युलर यांचे काम थांबले नाही. १८७९ पासून त्यांनी पौर्वात्य धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची थोर ग्रंथमाला संपादित केली. सूचीसह तिचे पन्नास खंड झाले. १८८७ मध्ये विचाराच्या शास्त्रावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात संस्कृतातील धातूंचे पृथक्करण करून सगळी भाषा १२१ मूळ कल्पनांवर आणून ठेवली. घरात त्यांनी दोन मुलींचे मृत्यू पाहिले. भारतावर त्यांचे प्रेम होते, तरी ते भारतात कधी आले नाहीत. वेदांकडे ते ख्रिस्ती दृष्टीने पाहत, असा आक्षेप आपल्याकडे घेतला जातो आणि त्यांच्या पत्रव्यवहारात त्याला आधारही सापडतो. पण १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली तेव्हा ‘ओरायन’च्या या कर्त्याच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर म्युलर यांनी सही केली आणि तुरुंगात त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठविली, हेही विसरता येत नाही. २८ ऑक्टोबर १९०० रोजी ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह टोकिओ विद्यापीठाकडे गेला आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळून गेला.

मग या वादात जिंकले कोण? भाषा उत्क्रांतीतूनच आली, याबद्दल आज शास्त्रज्ञांत वाद राहिलेला नाही. या अर्थी डार्विन जिंकले. केनियातील व्हर्वेट माकडे गरुड, बिबट्या आणि साप यांच्यासाठी तीन निरनिराळ्या आरोळ्या देतात आणि ऐकणारी माकडे त्याप्रमाणे निरनिराळ्या रीतीने पळतात, हे १९८० मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले. वॉशू नावाच्या चिंपांझी मादीला १९६६ पासून हातवाऱ्यांची भाषा शिकविण्यात आली, आणि ती अनेक खुणा शिकली. नदीचे पाणी म्युलर यांना वाटले तितके खोल नव्हते. परंतु एवढे शिकूनही कोणत्याही वानराने माणसाच्या मुलाप्रमाणे व्याकरणबद्ध वाक्यांची अखंड माळ गुंफली नाही. माकडाच्या घशातून बोलण्यास पुरेसे निरनिराळे ध्वनी निघू शकतात, उणीव घशात नसून मेंदूत आहे, असे २०१६ मधील एका संशोधनाने दाखविले. उलट निकाराग्वा देशात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, तेव्हा कोणीही न शिकविता त्या मुलांनी आपापसांत एक नवी, व्याकरणयुक्त खुणांची भाषा पिढीगणिक घडवीत नेली. भाषा तोंडात नसते, मनात असते, हे म्युलर यांचे म्हणणे येथे निराळ्या वाटेने खरे ठरले.

माझ्या मते म्युलर यांचे उत्तर चुकले, पण प्रश्न चुकला नाही. नदी ओलांडलीच जाणार नाही, हे त्यांचे उत्तर. ती ओलांडली गेली. आपण सारे पलीकडच्या काठावर उभे राहून बोलतो आहोत, हाच त्याचा पुरावा. पण ती कोठून, कशी ओलांडली गेली, आरोळीची कल्पना केव्हा झाली, हा त्यांचा प्रश्न आजही शास्त्रज्ञांची झोप उडवितो. पॅरिसच्या मंडळाने तो विचारायलाच बंदी केली. अनुकरणवाद्यांनी तो सोपा करून टाकला. म्युलर यांनी मात्र तो सोपा होऊ दिला नाही. टोपणनावे ठेवण्याची त्यांची खोड सोडून द्यावी. पण सोपे उत्तर समोर आले की थांबून आणखी एक प्रश्न विचारण्याची त्यांची वृत्ती आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी जरूर उचलावी. भाषा हा विषय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेला आहे आणि तो तेथे गेला हे चांगलेच झाले. पण शब्दाला अर्थ कसा येतो, हे विचारणारे कोणीतरी त्या प्रयोगशाळेच्या दारात उभे असलेच पाहिजे. निरुक्त आणि पाणिनी वाचणाऱ्याने ती जागा सोडता कामा नये.